बाळाच्या झबल्या-लंगोटांसाठी डिटर्जंट निवडताना

बाळासाठी कोणतं डिटर्जंट घ्यावं, याचं अर्धं उत्तर घरच्या नळापाशीच मिळतं. इंदुरात एकाच गल्लीत दोन तऱ्हेचं पाणी असतं. नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून येतं आणि पुष्कळ वस्त्यांत एक दिवसाआड सुटतं. बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या पाषाणातून वर येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. बारशाला आलेल्या आत्याबाई ‘आमच्याकडे हेच वापरतात, छान निघतात कपडे’ असं सांगतात, ते खरंही असतं. पण त्यांच्याकडे नर्मदा असेल आणि तुमच्या सोसायटीत खासगी टँकर, तर तीच बाटली तुमच्याकडे वेगळी वागेल. कपडा सुकल्यावर धाग्यांत जे उरतं ते बाळाच्या अंगाला लागतं, आणि किती उरणार हे डिटर्जंटइतकंच पाण्यावर ठरतं.

पाणी किती जड, म्हणजे क्षारांचं, आहे हे घरी कळतं. एक लिटरच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत अर्धा लिटर आर.ओ.चं पाणी, दुसरीत तितकंच धुण्याचं पाणी. दोन्हींत अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाका (वेष्टणावर ‘टॉयलेट सोप’ लिहिलेला साबण हवा, चेहऱ्यासाठीच्या सौम्य सिंडेट वडीने, म्हणजे खरा साबण नसलेल्या वडीने, ही चाचणी जमत नाही) आणि दहा सेकंद जोरात हलवा. आर.ओ.च्या बाटलीत दाट फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसेल. दुसरीत फेस लगेच बसला, पाणी दुधाळ झालं आणि वर साय तरंगली, तर पाणी जड आहे. सोसायटीकडे बोरिंगचा तपासणी अहवाल असेल तर त्यात ‘टोटल हार्डनेस’ बघा. पिण्याच्या पाण्याच्या आय.एस. 10500:2012 या मानकात 200 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. 200 च्या आत असाल तर निश्चिंत राहा. 300-400 च्या पुढे असाल तर साबणाची वडी बाळाच्या कपड्यांना लावूच नका. ती दुधाळ साय म्हणजे कॅल्शियमचा साबण. तो पाण्यात विरघळत नाही, मलमलच्या धाग्यांत बसतो, आणि चार धुण्यांत लंगोट करडा, कडक होतो व पाणी शोषेनासा होतो. मग घरात कुणीतरी म्हणतं, ‘कापडच हलकं निघालं.’

आर.ओ. मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून धुण्याला वापरायची चांगली सवय बऱ्याच घरांत आहे. फरशीला ते ठीक, पण बाळाच्या कपड्यांना नको. मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात.

पावडर, वडी की लिक्विड

आमचं मत सरळ आहे: पहिले तीन-चार महिने लिक्विड, तेही बिनवासाचं. कपडे धुण्याच्या नेहमीच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. तो पाण्याचा जडपणा मोडतो, म्हणूनच पावडर स्वस्तात चांगली धुते. पण तिच्या द्रावणाचा पीएच (आंबटपणाचं माप: 7 च्या खाली आम्ल, वर सोड्यासारखी अल्कली) 10 च्या आसपास किंवा वर जातो. बाळाच्या त्वचेचा पीएच जन्मतः 6 च्या वर असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत 5 ते 5.5 पर्यंत उतरतो. हा आंबटपणाच त्वचेचं कवच घडवतो. सोडा उरलेला कपडा घामाने ओला झाला की मानेच्या वळीत नेमकं उलटं काम करतो. शिवाय जड आणि गार पाण्यात पावडर नीट विरघळत नाही, शिवणीत पांढरे कण अडकून राहतात. झबल्याची बगल उलटून बघितलीत तर दिसतील.

बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, सोडा आहे की नाही हे हळद सांगते. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना माहीत आहे. तोच गुण इथे वापरायचा. पाव चमचा हळद दोन चमचे सॅनिटायझरमध्ये कालवा, त्यात टिपकागदाच्या किंवा पांढऱ्या पेपर नॅपकिनच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. अर्ध्या ग्लास पाण्यात अर्धा चमचा डिटर्जंट विरघळवून त्याचा थेंब पट्टीवर टाका. पट्टी पिवळी राहिली तर ठीक, विटकरी-लाल झाली तर अल्कली भरपूर आहे. शेजारी साध्या पाण्याचाही थेंब टाका, म्हणजे तुलना होईल. हीच पट्टी पुढे शेवटच्या पाण्यातून काढलेल्या ओल्या लंगोटावर दाबता येते. तिथेही लाल झाली, तर कपडे अजून निघायचे आहेत. मात्र हळदीला फक्त अल्कली कळते. सुवास, रंग, परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) तिला कळत नाहीत. ते लेबलवर शोधावे लागतात.

लेबलवर काय बघायचं

आपल्याकडे डिटर्जंटच्या पाकिटावर सगळ्या घटकांची यादी असतेच असं नाही. जी कंपनी पूर्ण यादी छापते तिला आम्ही आधीच झुकतं माप देतो. ‘केमिकल-फ्री’ लिहिलेली बाटली परत ठेवावी, कारण पाणीसुद्धा केमिकलच आहे. ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ या शिक्क्यावरून कुणावर, किती दिवस आणि काय तपासलं, हे कळत नाही. त्याने बाटली वाईट ठरत नाही आणि चांगलीही ठरत नाही.

मळ काढणाऱ्या घटकांत कोको ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड, लॉरिल ग्लुकोसाइड किंवा इथॉक्सिलेटेड अल्कोहोल ही नावं दिसली तर चांगलं. हे अन-आयनिक (विद्युतभार नसलेले) घटक जड पाण्यातही काम करतात आणि त्वचेला मवाळ असतात. एस.एल.ई.एस. (सोडियम लॉरेथ सल्फेट) थोडं असलं तर चालतं. यादीत पहिलंच नाव एस.एल.एस. (सोडियम लॉरिल सल्फेट) किंवा एल.ए.एस. (लिनियर अल्किलबेंझिन सल्फोनेट) असेल आणि बाकी यादी गुलदस्त्यात, तर बाळासाठी नको.

सुवासाला मात्र आमचा ठाम नकार. डिटर्जंटमुळे होणाऱ्या ॲलर्जीत सुवासाची द्रव्यं नेहमीची संशयित, आणि कपडा सुकल्यावरही टिकावा असाच तो सुवास बनवलेला असतो. लिमोनीन, लिनालूल ही नावं वनस्पतींपासून आलेली असली तरी याच यादीत मोडतात. ‘नैसर्गिक लव्हेंडर’ म्हणून सूट नाही. लिक्विडमध्ये परिरक्षक लागतोच, पण ‘मिथाइलआयसोथायाझोलिनोन’ हे लांबलचक नाव दिसलं तर दुसरी बाटली बघा, ॲलर्जीबाबत ते बदनाम आहे.

एन्झाइमबद्दल उगाच भीती पसरली आहे. प्रोटीएज दुधाच्या गुळणीचा आणि शीचा डाग तोडतं, आणि नीट खंगाळलेल्या सुती कपड्यात त्याचा त्रास सहसा होत नाही. लंगोट धुणार असाल तर एन्झाइमवालं लिक्विड घ्याच. फक्त आजीने विणलेल्या स्वेटर-टोपऱ्याला ते लावू नका. लोकर आणि रेशीम हीसुद्धा प्रथिनंच, हळूहळू झिजतात. लोकरीला ईझीसारखं लोकरीसाठीचंच लिक्विड, कोमट पाणी, हलका हात, आणि त्याला वास असतो म्हणून एक पाणी जास्त.

कपडा ‘पांढऱ्याहून पांढरा’ दाखवणारी चमकद्रव्यं मुद्दाम कापडात राहण्यासाठीच बनवलेली असतात. त्यांनी बाळाला अपाय होतो असं आम्ही म्हणणार नाही, पण बाळाला त्यांचा उपयोगही शून्य. नोटा तपासायची निळी बॅटरी अंधारात झबल्यावर मारा. निळसर उजळलं तर ती आहेत. नव्या पांढऱ्या कापडात ती गिरणीतूनही आलेली असतात, त्यामुळे लगेच लिक्विडला दोष देऊ नका.

सॉफ्टनर नको. त्याचा मेणासारखा थर धाग्यावर चढतो, लंगोट शू शोषेनासा होतो, आणि वर सुवास असतोच. नीळ नको. रोजच्या धुण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतायचीही गरज नाही. उन्हं आणि इस्त्री ते काम बिनबोभाट करतात. सायकलवर किंवा गल्लीतल्या दुकानात कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिळणारं सुटं लिक्विड तर अजिबात नको. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

रिठा? इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळतो आणि जुन्या बायका अजून त्याच्याच बाजूच्या. आठ-दहा रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी 15 मिनिटं उकळा, कुस्करून फडक्याने गाळा. दुपट्यांना, टोपऱ्यांना चांगला. शीच्या लंगोटाला कमी पडतो, पांढऱ्यावर फिकट तांबूस झाक आणतो, उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबतो. आणि डोळ्यात गेला तर भयंकर झोंबतो.

किती घालायचं आणि किती वेळा काढायचं

इथे बहुतेक घरं चुकतात, आणि चूक बाटलीच्या माथी मारली जाते. सहा झबली, आठ लंगोट, तीन दुपटी असं धुणं साधारण एक किलो भरतं. त्याला 10 लिटर पाण्यात 15 मिलि लिक्विड पुरतं. बाटलीवरचं प्रमाण याहून वेगळं असेल तर बाटलीचं धरा. खोकल्याच्या औषधाबरोबर 5, 10, 15 च्या रेघांचं प्लास्टिकचं माप येतं, ते धुऊन बाटलीला दोऱ्याने बांधून ठेवा. घरी मावशी धुणं करत असतील तर हे माप त्यांच्या हातात द्या. अंदाजाने ओतलं की दुप्पट पडतं आणि फेस बघून सगळ्यांना बरं वाटतं. सौम्य लिक्विडला फेस कमीच येतो. तो वाढवायला आणखी ओतू नका.

आता हिशेब. हाताने पिळल्यावर एक किलो सुती कपड्यात साधारण एक लिटर पाणी राहतं. त्यावर नऊ लिटर स्वच्छ पाणी घातलं की डिटर्जंट दहापट पातळ होतं. पुन्हा पिळलं की दहावा हिस्सा उरतो. असं तीनदा केलं की हजारावा. आणि पाणी कमी असेल तर? नळाचा दिवस नाही, हातात एकच बादली आहे, तेव्हा सगळं नऊ लिटर एकदम ओतलं तर दहावा हिस्सा उरतो. तेच पाणी तीन-तीन लिटर करून तीनदा वापरलं आणि मध्ये दर वेळी घट्ट पिळलं, तर चौसष्टावा. तितक्याच पाण्यात सहापट फरक. धाग्याला थोडं चिकटून राहतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे इतके नेटके येत नाहीत, पण पाणी वाटून वापरायचं आणि मधे पिळायचं हे सूत्र पक्कं. न पिळता एका बादलीतून दुसऱ्या बादलीत कपडे चुबकत नेले की पहिल्या बादलीतला साबण तिसरीपर्यंत सोबत जातो.

दोन्ही पाणी असतील तर धुणं आणि पहिलं काढणं बोरिंगवर, शेवटचं पाणी नर्मदेचं. जमलं तर लंगोट-दुपट्यांचं मोठं धुणं नळाच्या दिवशीच काढा. बोरिंगशिवाय काहीच नसेल तर शेवटच्या बादलीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला. उरलेली अल्कली मरते, कापड मऊ राहतं, सुकल्यावर वास राहत नाही. पण त्या बादलीजवळ ब्लीच येऊ देऊ नका. दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल तर प्रत्येक पाण्यानंतर कपडे स्पिनरमध्ये फिरवा, हाताच्या पिळ्यापेक्षा ते कितीतरी जास्त पाणी काढतं. फ्रंट-लोडमध्ये पाणी मुळातच कमी घेतलं जातं, म्हणून ‘एक्स्ट्रा रिन्स’ कायम चालू ठेवा आणि ड्रम अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. डिटर्जंटचा खण आधी काढून घासा. घरच्यांच्या कपड्यांचा सॉफ्टनर तिथे साचलेला असतो, बिनवासाच्या लिक्विडने धुतलेली झबली मोगऱ्याचा वास घेऊन बाहेर येतात ती त्यामुळे.

सौम्य डिटर्जंट जिथे हरतं

मालिशचं तेल. रोज तिळाचं नाहीतर खोबरेल तेल लावलेल्या बाळाच्या झबल्याला सौम्य लिक्विड गार पाण्यात पुरं पडत नाही. आठवड्याभरात मानेजवळ पिवळी कड आणि खवट वास येतो. मग लोक कडक पावडरीकडे वळतात. त्याची गरज नाही. कोरड्या कपड्यावरच तेलकट जागी दोन थेंब लिक्विड बोटाने चोळा, दहा मिनिटं ठेवा, मग 40 अंशांच्या पाण्यात धुवा. आधी ओलं केलं तर तेलावर पाणी बसतं आणि लिक्विड आत जात नाही.

दुधाची गुळणी, शी आणि रक्त यांना उलट नियम: आधी गार पाणी. गरम पाण्याने प्रथिनं गोठतात आणि डाग पक्का होतो. लंगोट आधी गार पाण्याच्या धारेखाली धरा, मग लिक्विडमध्ये अर्धा तास भिजवा, मग गरम पाणी. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग धुतल्यावरही दिसतो तो बिलीरुबिन या पित्तातल्या पिवळ्या रंगद्रव्याचा. लंगोट ओला असतानाच कडक उन्हात डाग वर करून पसरा, दुपारपर्यंत फिका पडतो. काविळीत बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात त्यामागेही हाच गुण आहे: प्रकाशाने बिलीरुबिनचं रूप बदलतं. पावसाळ्यात ऊन नसलं की घरात पंख्याखाली वाळवा आणि लंगोटांवर दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा; शिवण दमट राहिली की कुबट वास येतो, तो डिटर्जंट वाढवून जात नाही.

इंदूरच्या एम.टी. क्लॉथ मार्केटमधून मीटरवर नवी मलमल आणली असेल तर शिवण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा आणि दोनदा धुवा. खळ आणि गिरणीचं फिनिश निघाल्याशिवाय ती शोषत नाही. जुन्या धोतराचे, आजीच्या नऊवारीचे तुकडे याबाबत केव्हाही सरस.

पण जुन्या कपड्यांसोबत एक धोका येतो आणि तो डिटर्जंटपेक्षा मोठा आहे. मोठ्या भावंडाची झबली, गोधड्या डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवलेल्या असतात. त्या गोळ्या बहुधा नॅफ्थॅलीनच्या असतात. जी6पीडी हे तांबड्या रक्तपेशींना जपणारं एन्झाइम कमी असलेल्या बाळात नॅफ्थॅलीनमुळे रक्तपेशी फुटतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीला जाते. मुलग्यांत ही कमतरता जास्त आढळते, आणि तपासणीआधी ती कुणाला ठाऊक नसते. तेल लावलेल्या अंगातून नॅफ्थॅलीन जास्त शोषलं जातं. नुसतं धुऊन ते पुरतं जात नाही. कपडे आधी कित्येक दिवस उन्हा-वाऱ्यात टाका, मग धुवा, आणि तरीही वास येत असेल तर तान्ह्याला घालू नका. गोळ्यांऐवजी कापूरही नको. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

पुरळ उठलं तर

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगभर उठणारे लाल ठिपके, मधे पांढरट टोक, हे बहुधा नवजात बाळांचं नेहमीचं पुरळ असतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपसूक जातं. एप्रिल-मे महिन्यांत मानेवर, कपाळावर बारीक दाणे आले तर ते घामोळं. कपाळाला तर कपडा लागतही नाही. डिटर्जंटचा त्रास कपडा घासतो तिथे दिसतो: गळ्याची कड, बगल, मनगट, पाठ. विकतच्या, वापरून फेकायच्या डायपरखालची त्वचा मात्र स्वच्छ असते, कारण तिथे धुतलेला कपडा नाही. लंगोटातलं लालीचं पुरळ फुगीर भागांवर असेल आणि वळ्या मोकळ्या असतील तर ओल आणि घासणं. वळ्यांतही लाल होऊन कडेला सुटे ठिपके असतील तर बुरशीची शंका, तिथे डिटर्जंट बदलून काही होत नाही, डॉक्टरांना दाखवा.

संशय डिटर्जंटवरच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळे कपडे डिटर्जंटशिवाय दोनदा साध्या पाण्यातून काढा आणि आठवडाभर बघा. आईचा गाउन, ओढणी, गादीवरची चादर हीसुद्धा बाळाच्याच लिक्विडमध्ये धुतलेली हवी. बाळाचा गाल दिवसभर आईच्या खांद्यावर असतो, बाबांच्या इस्त्रीच्या शर्टावरही. नुसता गालच लाल असेल तर आधी तिकडे बघा. फोड, पू, सोलणारी कातडी किंवा 38 अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर प्रयोग करत बसू नका, बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

लिक्विड पहिल्यांदा लहान बाटलीतच घ्या, बाळ यायच्या महिनाभर आधी. आईने स्वतःचा एक सुती ब्लाउज त्यात धुऊन दोन-तीन दिवस वापरून बघावा. पाच लिटरचा कॅन स्वस्त पडतो खरा, पण नाही मानवलं तर वर्षभर फरशी पुसत बसावं लागतं. बाटली मूळ लेबलासह उंच फळीवर ठेवा, कपड्यांसाठीच्या रंगीत कॅप्सूल तर रांगत्या पोराच्या घरात आणूच नका. चुकून तोंडात गेलंच तर उलटी करवू नका, तोंड पुसून बाटली सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.